वजनाला माणसं

आमच्या बैलजोडीला गावात कुणी कधी नावं ठेवली नाहीत. जीपला मात्र सगळा गाव नावं ठेवायचा, आणि त्यात सगळ्यात पुढे मी.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करात गाड्या चालवायचे. हवालदार होऊन पेन्शनीत आले ते एक लोखंडी ट्रंक, दोन कांबळी आणि इंजिनाशिवाय कुणाशी फारसं बोलायची सवय नसलेलं तोंड घेऊन. पुढच्याच वर्षी त्यांनी लिलावातली एक जुनी लष्करी जीप घरी आणली. उंब्रजच्या जवळ कृष्णाकाठी आमचं गाव. रानात ऊस उभा, पाण्याची पाळी आलेली, आणि हा माणूस दिवसभर जीपखाली, पाय तेवढे बाहेर. आई म्हणायची, लग्न झाल्यापासून मी ह्यांचं तोंड कमी आणि पाय जास्त बघितलेत. त्यात खोटं काही नव्हतं. लग्नानंतरची बरीच वर्षं आबा रजेपुरते घरी यायचे, आणि रजाही शेतीच्या कामात जायची.

आईचं दुखणं निघालं तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. छातीत गाठ होती. ती तिनं कितीतरी महिने कुणाला सांगितली नाही. असलं दुखणं बायका तेव्हा पदराखालीच ठेवायच्या. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गाठ काढली, जखम भरली, आम्ही देवाला नारळ फोडला. पुढच्या उन्हाळ्यात दुखणं पाठीच्या हाडात उतरलं. मग मशीनचा शेक घ्यायला दर काही दिवसांनी मिरजेला जायचं ठरलं. हे बरं होणार का, असं आबांनी डॉक्टरांना विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही आपणहून सांगितलं नाही.

आमच्या गावापासून मिरज म्हणजे कराड, मलकापूर, कासेगाव, पेठ, इस्लामपूर, आष्टा आणि सांगली असा सगळा रस्ता. पेठपर्यंत डांबर त्यातल्या त्यात बरं. पुढं रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता, ते सांगता यायचं नाही. धडधाकट माणूस जीपमधून उतरला की कंबर धरायचा. आईच्या पाठीच्या हाडाला तर प्रत्येक दणका आतून लागायचा. ती ओरडायची नाही. डोळे मिटून पदराचं टोक दातात धरायची, आणि मिरज येईपर्यंत त्या टोकाच्या चिंध्या व्हायच्या.

हे आबांनी पहिल्याच खेपेला बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कराडच्या मिस्त्रीला बोलावून घेतलं. हा मिस्त्री आबांचा एकुलता एक मित्र. दोघं भेटले की जीपभोवती उकिडवे बसायचे आणि तासभर एकमेकांशी न बोलता आनंदात असायचे. त्या दिवसापासून जीपमध्ये कामं निघायला लागली ती संपेचनात.

आधी आईला चढता यावं म्हणून लोखंडी पायरी लावली. मग पुढची सीट काढून तिथं माडीवरची वेताची आरामखुर्ची पाय कापून बसवली. धूळ येते म्हणून शिंप्याकडून कॅनव्हासचे पडदे शिवून घेतले. खुर्ची टोचते म्हणून खाली ट्रकच्या चाकाची ट्यूब, अर्धवट हवा भरून, आणि तिच्यावर कापसाची गादी. एकदा तर छताच्या लोखंडाला दोर बांधून त्यांनी कांबळ्याची झोळीच टांगली. कासेगाव यायच्या आत आईला उलट्या सुरू झाल्या. "मी काय पाळण्यातलं प्वार हाय व्हय," असं म्हणून ती त्या अवस्थेतही हसली, आणि झोळी निघाली.

दर खेपेनंतर, दिवे लागायच्या वेळेला, आबा आईच्या खाटेपाशी येऊन बसायचे. कुठं लागलं, केवढं लागलं, वर की खाली, असं विचारायचे. सुतळीचा तुकडा घेऊन तिच्या खांद्यापासून कंबरेपर्यंत माप घ्यायचे आणि सुतळीला गाठ मारायचे. आई हात वर करून, मान वळवून, सांगतील तसं बसायची. हे सगळं मी चुलीपाशी बसून बघायची आणि माझं डोकं फिरायचं. बाई दुखण्यानं अर्धी झाली होती आणि हा माणूस तिला गाडीच्या मापाची करत होता.

वजनाची गोष्ट मात्र आपोआप निघाली. एकदा मिरजेला जाताना गावातली काही माणसं इस्लामपूरला लग्नाला निघाली होती, ती मागं चढली. त्यांत आमची थोरली काकीही होती. काकी अंगानं एवढी की ती बैलगाडीत बसली की जू वर उचललं जायचं आणि गाडीवान पुढं सरकून बसायचा. त्या दिवशी इस्लामपूर येईपर्यंत आईनं पदर दातात धरला नाही. लग्नाची माणसं उतरली आणि आष्ट्याच्या अलीकडंच दणके परत सुरू झाले. आबांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. जीपच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, ओझं वाहायला केलेल्या असतात. मागं वजन नसलं की गाडी उडते, वजन असलं की दबून, सावरून चालते. एवढी वर्षं लष्करात गाड्या हाकून हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

पुढच्या खेपेला त्यांनी मागं वाळूची पोती घातली. पण पोती घसरायची, फुटायची, आणि धूळ आईच्या नाकातोंडात जायची. मग माणसंच बरी, असं ठरलं. हे गावात सांगायला कुणी गेलं नाही, पण गावाला कळलं. मिरजेच्या दिवशी सकाळी आमच्या दारात माणसं येऊन उभी राहायची. मिरजेत कुणाचं काही काम नसायचं. "वजनाला आलोय," एवढंच म्हणायची. कुणी रोजगार बुडवून यायचं, कुणी धारा काढून. पातळ अंगाच्या माणसांना काकी मागं परतवायची. भाकरी बांधून घेऊन ही सगळी माणसं दिवसभर दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसायची आणि संध्याकाळी परत वजन होऊन घरी यायची. काकी एकही खेप चुकवायची नाही. मी तिला चिडवायची, काकी, तुमच्या खाण्याचं शेवटी सोनं झालं. ती म्हणायची, मग वाढ की अजून एक भाकरी.

रस्त्यावर आबांचं आणखी एक होतं. खड्डा दिसला की ते मोठ्यानं सांगायचे, "खड्डा हाय!" आई खुर्चीचे हात घट्ट धरायची, मागची माणसं अंग आवळून बसायची, आणि सगळे मिळून तो खड्डा ओलांडायचे. कराड ते मिरज हेच एक संभाषण. इतर नवराबायको गाडीत काय बोलतात, मला माहीत नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी सांगलीचा मामा आला. मामा हळदीचा व्यापारी, आईहून धाकटा. नवीन गाडीसाठी त्यानं नंबर लावून ठेवला होता. तेव्हा नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची, तसा त्याचा नंबर आला होता. त्याची जुनी काळी मोटार आता मोकळी होणार होती. बंद काचांची, मऊ सीटची, रस्त्यावरून तरंगत जाणारी. ती आमच्या आक्कासाठी घ्या आणि हे लोखंड मोडीत घाला, असं तो आबांना म्हणाला. पैशाचं नाव काढू नका, असंही म्हणाला. आबा बराच वेळ सुतळीला गाठी मारत बसले. मग म्हणाले, "बघू. अजून कमानीचं काम ऱ्हायलंय."

मला एवढा संताप आला की मी तिथून उठून परड्यात गेले. ह्या माणसाला गाडी मोठी की बायको? मामा जाताना दारात मला हळूच म्हणाला, तू आक्काला सांग, तिनं स्वतःच्या तोंडानं मागितली तर दाजी नाही म्हणणार नाहीत.

दुपारी घरात कुणी नव्हतं. मी आईच्या पायांना तेल लावत होते. मी तिला म्हणाले, तू एकदा म्हण, मला ती मोटार पाहिजे. एवढं एकच वाक्य म्हण. तू बोलत नाहीस म्हणून हे चाललंय.

आईनं अंगावरचा पदर सारखा केला.

"तुला काय वाटतं, मला लागत न्हाई व्हय," ती म्हणाली. "पर ह्या दुखण्याला आता औषीद न्हाई, हे माझं मला कळलंय. त्यास्नी कळलेलं न्हाई. गाडीत काय तरी करायचं शिल्लक हाय तवर त्यास्नी वाटतंय, माझ्यात बी हाय. ती मोटार दारात आली की मग ते रातचं बसून काय करतील?"

मी तेल लावायचं थांबले. ती म्हणाली, "आन् लगीन झाल्यापास्नं मला कुणी इचारलं न्हवतं बाय, कुठं दुखतंय म्हणून."

मला अजूनही कधीकधी राग येतो. आबांचा नाही, तिचाच. एवढ्या वेदनेत तिनं दुसऱ्याचा विचार करायला नको होता. पण ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि मामाला मी कळवलं की आई नको म्हणते.

दिवाळी अजून लांब होती तेव्हा आबांनी आणि मिस्त्रीनं कमानीचं काम काढलं. जीपच्या कमानीत लोखंडी पाटे एकावर एक बसवलेले असतात. त्यातले काही काढले तर कमान मऊ होते आणि माणसांचं वजन लागत नाही, असा आबांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. नदीपर्यंत त्यांनी रिकामी गाडी नेऊन आणली, आणि परत आले तेव्हा चक्क हसत होते. आईला म्हणाले, आता बघ.

मिरजेच्या सकाळी मात्र दारात नेहमीसारखी माणसं उभी. काकी धुतलेलं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं काखेत घेऊन सगळ्यांच्या पुढे. आता वजन नको, उलट वजन चालायचं नाही, हे आबांना माहीत होतं. ते काकीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि तिच्या काखेतल्या गाठोड्याकडे बघत राहिले. इतके महिने जी माणसं आपल्या बाईसाठी कामधंदा सोडून आली, त्यांना दारातून परत जा कसं म्हणायचं? आई खुर्चीतून म्हणाली, "बसू द्यात की. मिस्त्रीनं केलंय, काय हुतंय." आणि सगळे चढले. मऊ केलेल्या कमानीवर आमचं सगळं गाव बसलं.

कासेगावच्या पुढं, नेर्ल्याच्या जवळ मोठा पाटा तुटला. आवाज झाला आणि जीप एका बाजूला खाली बसली. त्या दिवशी आई पहिल्यांदा ओरडली. मी तो आवाज सांगत बसत नाही. तिला गादीसकट उचलून चिंचेखाली निजवलं. माणसं एकमेकांकडे बघायला तयार नव्हती. काकी गाठोडं पोटाशी धरून लांब जाऊन बसली आणि मान खाली घालून रडत राहिली, जणू तिच्या एकटीच्या वजनानं ते झालं होतं. आबांनी कराडकडं जाणारी एस.टी. थांबवली. ड्रायव्हरनं पुढचं बाकडं मोकळं करून दिलं आणि गाडी बैलाच्या चालीनं नेली. मी आणि काकी आईला घेऊन घरी आलो. आबा तुटक्या जीपपाशी राहिले.

जीप मिस्त्रीनं ओढून आणली. दोनचार दिवस ती दारात तशीच वाकडी उभी होती आणि आबा तिच्याकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी मिस्त्री नवा पाटा घेऊन आला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो म्हणत होता, हवालदार, ह्या बारीला पाटे न काढता खाली रबर घालून बघू, कमानीचं पुढचं तोंड जरा बदलू.

आबा म्हणाले, "हाय तसं बसव. आता हिच्यात करण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाई."

मिस्त्रीनं मान वर केली आणि लगेच खाली घातली. मी चहा ठेवला. जीपबद्दल ते बोलत नव्हते, हे तिथं उभ्या तिघांनाही कळलं. त्याच दिवशी आबा धुतलेला सदरा घालून एस.टी.नं सांगलीला गेले.

दुसऱ्या दिवशी काळी मोटार आमच्या दारात उभी राहिली. पोरं काचांना नाक लावून आत बघत होती. आबा फडक्यानं धूळ पुसत होते, पुसलेली जागाच परत पुसत होते. मी आईला दोन उशा देऊन उठवलं आणि खिडकीतून मोटार दाखवली. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं एकदा बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. चिंचेखालीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"मला वाटलं हुतं, दिवाळीपतूर तरी त्यास्नी कळायचं न्हाई," ती म्हणाली.

निघताना काकी दारात आली होती. सवयीनं पायात वहाणा घालून, गाठोडं घेऊन. मोटार बघून ती पायरीवरच थांबली. आबा तिला म्हणाले, वैनी, ह्या गाडीला वजन लागत नाही. काकी बरं म्हणाली, भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती तिथंच होती.

मोटार खरंच मऊ होती. मामा खोटं बोलला नव्हता. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर, पाय दुमडलेले. मलकापूर गेलं, कासेगाव गेलं, कळलंसुद्धा नाही. आबा पुढं ताठ बसून गाडी चालवत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. इंजिनाचा आवाजही नव्हता. पेठच्या पुढं आई म्हणाली, "आवं, खड्डा आला की सांगत जावा की."

आबांनी वेग कमी केला. "लागतोय का?"

"लागत न्हाई. तरी सांगा."

मग ते सांगायला लागले. पण ओरडून नाही, अगदी हळू, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं. सांगलीच्या पुलापर्यंत ते खड्डा हाय, खड्डा हाय, म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी आई हूं म्हणत राहिली.

त्या खेपेला दवाखान्यानं तिला ठेवून घेतलं. दिवाळी व्हायच्या आत ती गेली. पहाटे गेली. आबा तिच्या उशाशी होते आणि मी नळावर पाणी आणायला गेले होते.

तिला गावी न्यायचं होतं. मामा म्हणाला, मोटार आहेच. आबांनी दार उघडून मागची सीट बघितली. तिच्यावर माणूस आडवं होत नव्हतं. पाय दुमडावे लागणार होते. आबा म्हणाले, न्हाई, तिचे पाय दुमडायचे न्हाईत. मामानं पेढीवरून कराडला फोन लावला आणि मिस्त्रीला निरोप गेला.

दुपारी जीप आली. खुर्ची काढून पुढची सीट परत बसवलेली, मागं गवत पसरलेलं, कमानीत सगळे पाटे परत बसवलेले. मिस्त्री चालवत होता, आणि मागं बाकड्यांवर माणसं होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. काकी सगळ्यांच्या आधी उतरली.

आईला मधोमध निजवलं. मग काकी पायरीवर पाय ठेवून चढायला लागली. मामा चांगल्या मनानं म्हणाला, काकी, तुम्ही माझ्याबरोबर मोटारीत या, मागं सगळ्यांची दाटी कशाला.

"वजन पायजे," काकी म्हणाली. "हादरं बसतील तिला."

मामा बाजूला झाला. एकेक करून सगळी माणसं परत वर चढली, आईच्या दोन्ही बाजूंना अंग चोरून बसली. मीही चढले आणि तिचं डोकं धरलं. मिस्त्रीनं आबांना बाजूला बसा असं खुणावलं, पण आबा स्टिअरिंगवरच बसले.

सांगलीचा पूल ओलांडला. पुढं रस्ता खराब लागला तसे आबा मागं न बघता मोठ्यानं म्हणाले, "खड्डा हाय!" आम्ही सगळ्यांनी अंग आवळून घेतलं. काकीनं आईचे पाय दाबून धरले. घरी येईपर्यंत त्यांनी एकही खड्डा सांगायचा सोडला नाही.